पिंजरे धुवायची नोकरी: भावाला पाठवावं का नको?

ऊसवाला_वाळवा
मंडळी एक विषय टाकतोय, घरात चार दिवस यावरून भांडण चाललंय. माझा चुलतभाऊ बारावी झालाय, पुढं शिकला न्हाई, त्याला सांगली साईडच्या एका फार्मसी कॉलेजात ॲनिमल हाऊसला अटेंडंट म्हणून काम मिळतंय. म्हणजे औषधांच्या प्रयोगासाठी जे उंदीर, ससे, गिनीपिग ठेवलेत त्यांचे पिंजरे साफ करायचे, खाणंपाणी बघायचं. आजी म्हणती गळ्यात माळ हाय आपल्या, असलं पापाचं काम नको. चुलता म्हणतो पाप राहू दे बाजूला, पण पावण्यांनी विचारलं पोरगं काय करतंय तर उंदराची घाण काढतंय म्हणून सांगू का.

माझं मत सरळ हाय, त्यानं जावं. पहाटे ५ ला उठून म्हशीचं शेण काढतोय तवा कुणी लाजत न्हाई. आणि आजीची बीपीची गोळी रोज मीच देतो, ती गोळी माणसाच्या पोटात जायच्या आधी कुठल्यातरी उंदराच्या पोटात गेलेलीच असणार ना. मग गोळी खाणारा पुण्यवान आणि उंदराला पाणी पाजणारा पापी, हे गणित मला तरी सुटत न्हाई.

हळदीचा_वायदा
गणित सुटत नाही म्हणून उत्तर तुमच्या बाजूचं होत नाही दादा. मी सांगलीतल्या जैन घरातली, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात, का तर अंधारात ताटात जीव पडून मरू नये. अशा घरातून सांगते, म्हशीची तुलना नकोच. म्हैस तुमच्याकडं जगते, वय झालं तरी चार वर्षं दावणीला असते. इथं मात्र मारायच्या तारखेपर्यंत जनावर नीट राहावं म्हणून पिंजरा धुवायचा. माझ्या आईला शुगरची गोळी चालू आहे, ती मी बंद करणार नाही, यात खोटेपणा आहे हे मला कळतं. पण म्हणून घरातल्या पोराला तिथं पाठवू का? नाही.

घाटावरचा_वारा
सगळं लिपस्टिक आणि शांपूसाठी चाललेलं असतं, औषधाचं नाव पुढं करतात. नका पाठवू.

पिंजरा_नंबर_४०
मी सातारा जिल्ह्यात ९ वर्षं हेच काम करतोय म्हणून लिहायलोय, नाहीतर असल्या चर्चेत पडत नाही. घाटावरच्या भावा, आमच्याकडं लिपस्टिक कुणी आणली नाही, शुगर, सूज, जखमा, आकडी यावरचीच कामं बघितली.

काम काय असतं ते सांगतो. सकाळी चप्पल बदलायची, ॲप्रन मास्क ग्लोव्ह्ज घालायचे, आत गेल्यागेल्या पहिलं थर्मामीटर बघायचं आणि मग पिंजऱ्याला हात न लावता नुसतं एक चक्कर मारायची, कोण कोपऱ्यात अंग फुगवून बसलंय, कोणाचे केस पिंजारलेत, कुणी काल टाकलेलं खाल्लं नाही, हे डॉक्टर सरांच्या आधी आम्हाला कळतं कारण ते आठवड्यातून दोनदा येतात आणि आम्ही रोज. बाटली ठिबकली तर खालचं भाताचं तूस भिजतं आणि बारकी उंदरं गारठून मरतात, आणि बाटलीची नळी तुंबली तर बाटली भरलेली दिसते पण आतला तहानेनं जातो, म्हणून रोज प्रत्येक नळीला बोट लावून थेंब येतो का बघायचं. हे नव्या पोराला शिकवायलाच मला महिना लागतो. व्यालेली उंदरी असंल तर पहिले काही दिवस तिचा पिंजरा हलवायचा नाही, घाबरली तर पिलं खाती. पिंजरा बदलताना जुन्या घरट्यातला थोडा कापूस नव्यात टाकायचा, स्वतःचा वास राहिला की नर कमी भांडत्यात. सशाचं मूत वाळलं की चुन्यागत पांढरं धरतं, साबणानं हलत नाही, लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवावं लागतं. हात बघायचेत का माझे.

लाजेचं म्हणाल तर माझ्या लग्नात "कॉलेजला आहे" एवढंच सांगितलं होतं. बायकोला सहा महिन्यांनी कळलं, ती हसली.

मिरजेचा_तंबोरा
दादांच्या कामाबद्दल आदर आहे पण पापपुण्य आणि लाज यात खरा मुद्दा बुडतोय. पोरगं कायम होणार का ठेकेदाराकडून जाणार? माझा मित्र अशाच एका ठिकाणी होता, तिसऱ्या वर्षी शिंका, डोळ्याला पाणी, मग रात्री दम. उंदराच्या मुतातलं प्रथिन तुसाच्या धुळीबरोबर उडतं आणि त्याचीच ॲलर्जी होते, डॉक्टरनी सांगितलं काम सोडा. ठेकेदार म्हणाला सोड मग. ना पीएफ ना काही. मी विरोधात आहे ते उंदरासाठी नाही, पोरासाठी.

फार्मा_मास्तर
घाटावरच्यांसाठी: भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे, अशा चाचण्या केलेला माल बाहेरून आणायलाही. उरलेल्या प्रयोगांना १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आणि १९९८ चे नियम लागू आहेत, प्रत्येक प्रयोग आधी संस्थेच्या नीतिसमितीपुढे जातो, तिच्यात शास्त्रज्ञ नसलेला माणूसही असावा लागतो. किती जनावरं, का, कमीत चालतील का, हे विचारतात. सगळीकडे मन लावून विचारतात असं म्हणणार नाही, काही ठिकाणी सह्या चहाबरोबर होतात.

तंबोऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आणखी एक, २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमात बदल झालाय, आता प्राण्यांशिवायच्या पद्धतींनाही जागा दिलीय. मुलांचं बेडकाचं प्रॅक्टिकल तर केव्हाच कॉम्प्युटरवर गेलं. तेव्हा २२ वर्षांच्या पोरानं हे काम निवृत्तीपर्यंत पुरेल असं धरू नये.

पण चाळीस नंबरवाल्यांसारखा माणूस नसेल तर प्रयोगच खोटा पडतो हेही खरं. २०१४ सालचा एक अभ्यास आहे, खोलीत पुरुष किंवा त्यानं घातलेला नुसता टी-शर्ट असला तरी उंदरांना ताण येतो आणि त्यांच्या वेदनेची मोजमापं बदलतात. मग आरडाओरडा करणारा, पिंजरे आपटणारा अटेंडंट असेल तर आमच्या आकड्यांचं काय होत असेल विचार करा.

ऊसवाला_वाळवा
बघा की. आणि हळदीताई, आमच्या भागात उसात घोणस चावली की जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्या रक्तातनं करतात, त्याला थोडं थोडं विष टोचून. ते पण नको म्हणायचं का?

हळदीचा_वायदा
घोडा त्यानंतर जगतो. पुन्हा तीच म्हशीची चूक करताय. चाळीस नंबरवाले दादा, रागावू नका, पण तुम्ही सगळं सांगितलं आणि शेवटचं सांगितलं नाही. प्रयोग संपल्यावर काय होतं, कोण करतं?

पिंजरा_नंबर_४०
रागावत नाही ताई. ते सर करतात, ट्रेनिंग झालेल्यानंच करायचं असतं, आम्ही करायचं नाही. पण पिंजरा शेल्फवरनं काढून त्या खोलीत नेतो मी, आणि नंतर पिवळी पिशवी बांधून उचलतो पण मीच. पहिल्या वर्षी त्या दिवशी डबा खाल्ला जायचा नाही. आता खातो. हे चांगलं झालं का वाईट मला सांगता येत नाही. एवढं करतो, नेताना पिंजरा हलू देत नाही आणि त्या दिवशी खोलीत मोबाईल वाजू देत नाही.

हळदीचा_वायदा
माझं मत बदललं नाही. पण तुम्ही असलेलं बरं, हेही म्हणते.

घाटावरचा_वारा
लिपस्टिकचं मागं घेतो. बाकी नको म्हणजे नकोच.

मिरजेचा_तंबोरा
ऊसवाले, भावाला जाऊच द्यायचं असेल तर आधी विचारा: मास्क साधा कापडी देतात का चांगला, वर्षातून एकदा छातीची तपासणी कोण करतं, चावलं तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचे पैसे कोणाचे, आणि पगार कोणाच्या सहीनं.

ऊसवाला_वाळवा
लिहून घेतलं. सोमवारी दोघं जातोय बघायला. आजीला आत्ता सगळं वाचून दाखवलं, पापाचं काय बोलली न्हाई, एवढंच विचारती की रविवारी त्यांला खायला कोण घालतं.

पिंजरा_नंबर_४०
आम्हीच की. रविवारी पण आणि लक्ष्मीपूजनाला पण, सकाळचे दोन तास. त्याचे पैसे वेगळे देतात का ते सोमवारीच विचारून घ्या, मी पहिली ४ वर्षं विचारलं नव्हतं.