हाताची की छापील?
सेंट पीटर्सबर्गहून आणलेली बॅलेरिना (बॅले नर्तिका) मात्र्योश्का, म्हणजे एकात एक बसणारी रशियन लाकडी बाहुली, हाताने रंगवलेली की छापील, असं एकाने विचारलंय. चेहरा सोडा, झग्याच्या कडेची टिंबं बघा. हाताच्या कामात एखादं जाड, एखादं बारीक पडतंच. माझ्या मात्र्योश्काचा डावा डोळा किंचित वर गेलाय. मी त्यावरच भाळलो! लाकूड बहुधा लिंडनचं, हलकं नि मऊ. सगळ्यात आतली, न उघडणारी बाहुली आधी काततात, मग तिच्या मापाने बाहेरच्या. 'नटक्रॅकर' या बॅलेतल्या पात्रांचा संच असेल तर नायिकेला रशियात बरेचदा क्लारा नव्हे, माशा म्हणतात. तो बॅले पहिल्यांदा झाला सेंट पीटर्सबर्गलाच, १८९२ साली मारिइन्स्की थिएटरात. आणि हो, ओल्या फडक्याने पुसू नका, लाकूड फुगलं की बाहुली उघडतच नाही.