मदत हवी आहे: बडोद्यात इकेबानाचा गट जमवायचाय

मंडळी, इकेबाना, म्हणजे फुलं-फांद्यांची जपानी रचना, शिकलेलं किंवा शिकायची हौस असलेलं बडोद्यात कोणी आहे का? दांडिया बाजार, रावपुरा भागात महिन्यातून एकदा जमावं असं मनात आहे.

खरी अडचण फुलांची. खंडेराव मार्केटात झेंडू, गुलाब ढिगाने मिळतात, पण हाराचे, बिनदेठाचे. आणि इथे तर सगळी मदार देठावर अन् फांदीवर! सोगेत्सु या इकेबानाच्या एका पद्धतीच्या पहिल्या धड्यात भांड्याची रुंदी आणि उंची मिळवून त्याच्या साधारण दीडपट मुख्य फांदी, दुसरी तिच्या पाऊणपट, तिसरी दुसरीच्या पाऊणपट. लांब देठाची फुलं कोणाकडे, किती वाजता येतात? बागेतली छाटणी कोणी देईल का? बोगनवेल, कण्हेर, काहीही चालेल. (कण्हेरीचा चीक विषारी, तेवढं जपून.)

दुसरं म्हणजे केंझान, ती फांद्या खोचायची पितळी खिळ्यांची जड बैठक. ऑनलाइन महाग पडते. इथला कोणी कारागीर बनवून देतो का? फुलं खोचायचा फोम मला नकोच, त्यात फांदीचा तोल शिकता येत नाही.

जागेचं बघू, कोणाची गच्चीही चालेल. फी नाही, फुलांचा खर्च वाटून घेऊ. नुसतं बघायला यायचं असेल तरी कळवा. फक्त लग्नाच्या डेकोरेशनच्या ऑर्डरी घेता का, असं कृपया विचारू नका!