डिसेंबरात कोल्हापूर, स्वस्त सफरचंदं आणि सायडर

प्रेषक: लेस्टर, यूके

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरात तीन आठवडे कोल्हापूरला आहे. सफरचंदाचा रस काढून घरीच सायडर (रस आंबवून केलेलं सौम्य मद्य) करायचा विचार आहे. फळं स्वस्तात कुठं मिळतील? प्रेस (फळ दाबून रस काढायचं यंत्र) नसेल तर रसवंतीच्या चरकातून रस निघेल का? आणि साखरेऐवजी आपला गूळ चालेल का?

प्रेषक: राजारामपुरी, कोल्हापूर

भावा, आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. घरच्यापुरतंच आहे म्हणून सुटका नाही. तेव्हा इथं रसापर्यंत थांब. आंबवायचं ते तिकडं गेल्यावर बघ.

फळं शाहू मार्केट यार्डात घे, सकाळी लवकर, सौद्याच्या वेळेला. डिसेंबरात बहुतेक माल काश्मीरचा असतो. भाव पेटीचा सांगतात, पण पेटीत कधी 15 किलो भरतात, कधी 18. लाकूड आणि कागद वजा करून किलोचा दर काढ, मगच घासाघीस कर. तोंडावरचा थर बघून पेटी घेऊ नकोस, खालच्या थरातलं एक फळ काढून चावून बघ. करकरीत लागलं तर घे. पिठूळ लागलं तर फुकट दिलं तरी नको, त्याचा रस निघत नाही, नुसता लगदा होतो.

रसाला मोठं, लालभडक फळ लागत नाही. बारीक, डाग पडलेला, रंग न भरलेला माल माग. अडत्याला तोच खपवायचा असतो आणि बारीक फळात सालीचं प्रमाण जास्त, म्हणून रसाला थोडा तुरटपणाही येतो. मार लागलेला भाग कापून टाकला की झालं. बुरशी आलेलं किंवा आतून तपकिरी सडलेलं फळ मात्र अख्खं फेक. त्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष रसात उतरतं आणि उकळून ते जात नाही.

आता मुख्य अडचण. इथं मिळणारा बहुतेक माल डेलिशस जातीचा. त्यात साखर भरपूर, आंबटपणा जवळजवळ नाही. एका लिटरला जेमतेम 2 ते 3 ग्रॅम आम्ल भरतं, चांगल्या रसाला 5 ते 6 हवं. त्यामुळं नुसता डेलिशसचा रस गोडमिट्ट लागतो, काळा पडतो आणि लवकर बिघडतो. उपाय स्वस्त आहे. 10 लिटर रसाला आधी 20 ग्रॅम लिंबूसत्व घाल, चव बघ, पीएच पट्टी लाव (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त). 3.8 च्या वर असेल तर आणखी 5-5 ग्रॅम घालत जा आणि 3.5 च्या आसपास थांब. डिसेंबरात आवळा असतोच. फळं वाटताना 10 किलोला पाव किलो आवळा बिया काढून घातला तर तुरटपणा येतो आणि रंगही टिकतो.

चरकाचा नाद सोड. उसाचा दांडा दोन रुळांत पकडला जातो, सफरचंदाचा चिखल होऊन रसाबरोबरच खाली येतो. शिवाय उघडं लोखंड रसाला लागलं की रस काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. त्यापेक्षा फळं धुऊन, चौकोनी कापून एक रात्र फ्रीजरमध्ये ठेव आणि सकाळी वितळू दे. बर्फानं पेशी फुटतात, मग मिक्सरला जरा फिरवून चक्क्याच्या फडक्यात पिळलं तरी 10 किलोला 5 लिटरच्या आसपास रस पडतो.

दोन-तीन पेट्या करायच्या असतील तर उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडून सी-चॅनेलची (सी आकाराच्या लोखंडी पट्टीची) चौकट वेल्ड करून घे. आत 2 टनाचा बाटली जॅक, खाली 304 स्टेनलेसचा ट्रे. लगदा फडक्यात दोन इंच जाडीच्या चपट्या घड्या करून ठेव आणि प्रत्येक दोन घड्यांत लाकडी पट्ट्यांची जाळी घाल. जॅक थोडा चढव, रस थांबेपर्यंत थांब, मग पुन्हा. एकदम जोर लावला की फडकं फाटतं आणि लगदा भिंतीवर.

ताजा रस फ्रिजमध्ये दोन दिवसांवर ठेवू नकोस. टिकवायचा असेल तर काचेच्या बाटल्या पाण्यात उभ्या करून आतला रस 75 अंशावर 20 मिनिटं ठेव.

प्रेषक: मिल्टन कीन्स

काकांनी कायद्याचं सांगितलं ते बरं झालं. इथं यूकेत स्वतःच्या घरी पिण्यापुरती सायडर केली तर परवाना किंवा कर लागत नाही, विकायची मात्र नाही.

तुम्ही जानेवारीत परताल तेव्हा लोकांच्या परसातली पडलेली सफरचंदं संपलेली असतील. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात फुकट मिळतात. तोपर्यंत सुपरमार्केटमधला कार्टनचा रस घ्या, पण लेबल वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेन्झोएट (रस टिकवायची रसायनं) असेल तर यीस्ट वाढणारच नाही. पाश्चराइज केलेला रस चालतो. पुढच्या हंगामात ब्रॅमली जातीची सफरचंदं मिळाली तर अडचण कोल्हापूरच्या उलट: ती इतकी आंबट की एक भाग ब्रॅमलीला तीन भाग गोड सफरचंदं लागतात.

साडेचार लिटरच्या काचेच्या डेमीजॉनमध्ये (अरुंद गळ्याच्या मोठ्या बाटलीत) आधी चारच लिटर रस भरा, फेस उतू जातो. तो ओसरला की गळ्यापर्यंत भरा. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजायची तरंगती नळी) आंबवण्याआधी 1.045 ते 1.050 दाखवेल, म्हणजे साधारण 6 टक्के अल्कोहोल. वेगळी साखर नको. सायडरचं किंवा वाइनचं यीस्ट घ्या. ब्रेडच्या यीस्टनं काम होतं, पण पावाचा वास राहतो आणि गाळ नीट बसत नाही. तापमान 15 ते 18 अंश. हीटरजवळ ठेवू नका, गरम आंबवण झालं की सफरचंदाचा वास उडून जातो.

चौथ्या-पाचव्या दिवशी कुजक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला नायट्रोजन कमी पडतोय, सफरचंदाच्या रसात तो कमीच असतो. यीस्ट न्यूट्रिएंट अर्धा चमचा घाला. तेही डीएपीच (डायअमोनियम फॉस्फेट) असतं, पण उसाला टाकतात ते खताचं डीएपी चुकूनही नको, ते खाण्यालायक शुद्ध नसतं.

बाटल्या भरायची घाई हाच सगळ्यात मोठा धोका. हायड्रोमीटर तीन दिवस 1.000 किंवा त्याखाली एकाच जागी स्थिर हवा. बुडबुडे थांबले एवढ्यावर जाऊ नका. फसफस हवी असेल तर लिटरला 6 ग्रॅम साखर, त्याहून जास्त नाही, आणि पहिल्यांदा कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्याच वापरा. दाबून बघता येतात. दगडासारखी कडक झाली की फ्रिजमध्ये. काचेची वाइनची बाटली दाबासाठी नसते, फुटते.

प्रेषक: राजारामपुरी, कोल्हापूर

गुळाचं राहिलं. सायडरमध्ये गूळ नको. आधीच रसात साखर पुरेशी आहे, आणि गुळातले क्षार लिंबूसत्वानं आणलेला आंबटपणा मारतात. गूळ आणायचाच तर खायला आण, एक ढेप आमच्याकडून.