बॅटलस्टार गॅलॅक्टिका: जहाजं सूर्यात सोडणं हा शहाणपणा कसा?

वाशिष्ठी

परवा घनसाळ यांनी लिहिलं की बॅटलस्टार गॅलॅक्टिकाचा शेवट ('डेब्रेक', २००९) ज्यांना पटत नाही त्यांना "सुखसोयी सुटत नाहीत, दुसरं काही नाही". या विज्ञानकथा-मालिकेत माणसांनीच बनवलेले सायलॉन हे यंत्रमानव उलटतात, माणसांच्या बारा वसाहती नष्ट करतात आणि उरलेली माणसं जहाजांच्या ताफ्यातून पळत राहतात; शेवटी पृथ्वी सापडते आणि ती जहाजं सूर्यात सोडून देतात. दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

'३३' हा भाग अजून अंगावर येतो. दर तेहतीस मिनिटांनी सायलॉन हजर, ताफ्यात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही, आणि राष्ट्राध्यक्ष रॉझलिनच्या खोलीत जिवंत माणसांच्या संख्येचा तो पांढरा फळा. भागाच्या शेवटी ती फळ्यावरचा आकडा एकाने वाढवते, कारण बाळ जन्मलंय. त्या भागाला २००५चा ह्यूगो पुरस्कार उगाच मिळाला नाही. पुढेही सुरुवातीच्या पट्टीत जिवंत माणसांची संख्या दिसत राहिली. पाणी गेलं, त्यावर भाग. टायलियम हे इंधन शुद्ध करणाऱ्या जहाजावर संप झाला, त्यावर भाग. 'ब्लॅक मार्केट' कितीही फसलेला असो, त्यातसुद्धा औषधांचा काळाबाजार हा विषय होताच. इथे एकेक जीव मोजला जातो, हे याच मालिकेने आपल्याला शिकवलं.

आणि शेवटच्या भागात? ली अ‍ॅडामा माळावर उभा राहून म्हणतो शहर नको, यंत्रं नकोत. लगेच ३८ हजारांच्या आसपास माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आणि थोड्या शिध्यानिशी जगभर पांगतात. अँडर्स ताफा घेऊन सूर्यात जातो. वाद नाही, मतदान नाही. अहो, थोडेच भाग आधी याच ताफ्यात गेटा हा अधिकारी आणि झॅरेक हा पुढारी यांचं बंड झालं होतं! सायलॉनचं तंत्र आपल्या जहाजांना लावायचं नाही, म्हणून माणसांनी माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. तीच ही माणसं.

माझा भाऊ लहानपणापासून इन्शुलिनवर आहे. जुलै २०२१मध्ये चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा आमचा तळमजला बुडाला, फ्रिज गेला, वीज नाही. हाताशी लागलेली एक कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली होती. औषधाच्या दुकानांत चिखल. भाऊ धीराचा आहे, तो आम्हालाच समजावत होता. मी त्या कुपीकडे बघत बसले होते. डॉक्टर कॉटलच्या रुग्णांत असं एकही पोर नव्हतं? त्याच्या आईला कुणी विचारलं?

घनसाळ

वाशिष्ठीताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण भाग पुन्हा नीट बघा. वकील रोमो लॅम्पकिन स्वतःच म्हणतो की लोक इतक्या सहज तयार झाले याचं नवल वाटतं. थोरला अ‍ॅडामा, लीचा बाप, त्याला सांगतो की कोऱ्या पाटीची ओढ कमी लेखू नकोस. म्हणजे प्रश्न विचारला गेलाय.

आणि जहाजं उरली होती कुठे? अवकाशातल्या शेवटच्या उडीनंतर गॅलॅक्टिकाचा कणा मोडला होता. भिंतींना तडे गेलेले. गोदी नाही, सुटे भाग नाहीत. ती जहाजं आज ना उद्या मरणारच होती. पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षं कोंडलेल्या माणसाला पायाखाली गवत मिळालं तर तो काय करील?

मी पुण्यातली नोकरी सोडून आजऱ्याजवळ भात लावतो. 'डर्टी हँड्स'मध्ये कळतं की शास्त्रज्ञ बाल्टर मूळचा एरिलॉन या वसाहतीचा, शेतकऱ्याच्या घरचा. बोली मोडून, आवाज बदलून कॅप्रिका या पुढारलेल्या वसाहतीचा झालेला. शेवटी तो सिक्स या सायलॉन बाईला सांगतो की शेतीतलं मला कळतं, आणि त्याला रडू फुटतं. कॉलेजात मी 'न्हवं' म्हटलं की मुलं हसायची, म्हणून मी वर्षभर कमी बोललो होतो. तो प्रसंग बघून मी उठून बाहेर गेलो. तुम्ही त्या शेवटाला मूर्खपणा म्हणता तेव्हा ते मला लागतं, म्हणून परवा कडक लिहिलं. मागे घेत नाही.

पेशीकेंद्र

घनसाळ, तुमचाच मुद्दा पुढे नेतो. मालिका आपल्याला दीड लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत नेऊन सोडते. शेतीचे सर्वांत जुने पुरावे साधारण ११-१२ हजार वर्षांमागचे आहेत. मग बाल्टरच्या शेतीचं काय झालं? ती मेली. लिपी मेली, धातू मेले, कॉटलचं सगळं ज्ञान मेलं. कोऱ्या पाटीवर सव्वा लाखाहून जास्त वर्षं कुणी अक्षर काढलं नाही, हे मालिकेच्याच हिशेबाने निघतं. तुम्हाला ज्या प्रसंगाने रडवलं त्याचा निकाल इतका भयाण आहे, आणि लेखकांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अवांतर: माणूस आणि सायलॉन यांची मुलगी हेरा, हिला 'मायटोकाँड्रियल ईव्ह' म्हणजे आपल्या सगळ्यांची आदिमाता केलंय, त्याचा त्रास मी वर्गात भोगतो. मुलांना वाटतं त्या काळी एकच बाई होती. तिच्या काळात हजारो बाया होत्या आणि त्यांचेही वंशज आपल्यात आहेत. फक्त आईकडून लेकीकडे जाणारी अखंड ओळ तिच्यापर्यंत पोचते, एवढाच त्याचा अर्थ.

त्रिपदा

तुम्ही सगळे हिशेबात अडकलात. या मालिकेच्या शीर्षकगीतात गायत्री मंत्र आहे! 'हे सगळं पूर्वी घडलंय, पुन्हा घडणार' हे वाक्य सुरुवातीपासून कानावर पडतं. आपल्याला कल्प आणि युगं वेगळी समजवावी लागतात का? विश्वामित्रांची ऋचा, देवता सविता, आणि अखेरीस सगळा ताफा सूर्याला अर्पण. मला तो यज्ञ दिसला. पाश्चात्य समीक्षक या शेवटावर तुटून पडले, कारण त्यांना सरळ रेषेतला काळच कळतो.

कॅप्रिका-कोथरूड

त्रिपदा, थांबा. मूळ मालिका १९७८ची, ग्लेन लार्सनची. तो मॉर्मन होता. माणसांच्या मूळ ग्रहाचं कोबोल हे नाव मॉर्मन धर्मातल्या 'कोलोब' या ताऱ्यावरून आलंय, बारा वसाहती म्हणजे बायबलातल्या इस्रायलच्या बारा टोळ्या, आणि देव सगळे ग्रीक. नवी मालिका ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००४मध्ये सुरू झाली, तेव्हा शेवट कुणाच्या डोक्यातही नव्हता. मेलेली वैमानिक कारा परत आली ती नेमकी काय म्हणून, हे त्यांना २००९मध्येसुद्धा सांगता आलं नाही. पृथ्वीवर स्वतःचं प्रेत सापडलेली बाई माळरानावर बोलता बोलता नाहीशी होते आणि आपण गप्प बसायचं! मंत्र घेतला कारण त्यांच्या कानाला तो गूढ लागला. यज्ञ वगैरे तुम्ही बाहेरून आणताय.

त्रिपदा

कानाला गूढ लागला म्हणून? तिसऱ्या मंडलातल्या बासष्टाव्या सूक्ताची दहावी ऋचा आहे ती. आजोबांनी मुंजीनंतर मला पहाटे उठवून संध्या शिकवली. एक मात्रा चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. मालिकेतले उच्चार सदोष आहेत हे मीही सांगतो. पण आपल्याच माणसांनी त्याला सजावट म्हणावं, याचा संताप येतो.

मृण्मयी

संतापच सांगायचा तर माझाही ऐका. माझ्या आजीला हा मंत्र म्हणायची मुभा नव्हती. भावाची मुंज झाली तेव्हा तो आत शिकत होता आणि ही माजघराच्या दाराआड बसून ऐकत होती. तिला तो पूर्ण येत होता. आयुष्यभर तिने मोठ्याने म्हटला नाही. म्हातारपणी माझ्या खोलीत ही मालिका सुरू होती, शीर्षकगीत लागलं, बाईच्या आवाजात. आजी दारातून आत आली, खुर्ची ओढून बसली आणि पुढचे शब्द तिने त्या बाईबरोबर म्हटले. मोठ्याने. नंतर रोज विचारायची, "ते विमानांचं लावतेस का?" त्या गायिकेच्या मात्रा मोजायला मला सांगू नका.

त्रिपदा

आजींबद्दल आदर आहे. पण मी कुणाला अडवलं? माझ्या आजोबांना या धाग्यावर आरोपी करू नका. आणि आता पुण्यात स्त्रिया पौरोहित्य करतात, त्यालाही वर्षं झाली.

मृण्मयी

तुमच्या आजोबांचं नावही मी घेतलं नाही. पहाटे उठवून शिकवलं याचा अभिमान तुम्ही मांडलात, तर ज्यांना कुणी उठवलं नाही त्यांचंही ऐकावं लागेल. तुम्ही म्हणता तो यज्ञ, त्यात कोण बसणार आणि कोण दाराआड, हे आधी ठरलेलं असायचं. मला चक्र पवित्र वाटत नाही. रॉझलिन, अ‍ॅडामा, ली, सगळे ते मोडायलाच धडपडत होते.

त्रिपदा

मोडायला धडपडत होते, हे कबूल. बाकी तुमच्याशी या विषयावर मी बोलणार नाही.

कॅप्रिका-कोथरूड

मृण्मयी, मंत्र उसना आहे हे माझं म्हणणं अजूनही तेच आहे. पण तुमच्या आजीला त्यातून जे मिळालं ते खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वाशिष्ठी

मूळ प्रश्नावर येऊ या का? चक्र मोडायचं होतं, हे मृण्मयीने बरोबर पकडलं. मग मोडलं कशाने? सायलॉन का उलटले? कारण माणसांनी त्यांना राबवलं आणि माणूस मानलं नाही. न्यू कॅप्रिका या सायलॉननी ताब्यात घेतलेल्या वस्तीवर माणसांनी आत्मघाती बाँब का घातले? कारण त्यांना तसंच वागवलं गेलं. तिसऱ्या सीझनचे ते पहिले चार भाग इराकची बातमी रोज येत असताना दाखवले, अमेरिकेच्या घरांत. मार्च २००९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चासत्र झालं ते अशाच भागांच्या जोरावर. दोष वागण्याचा आहे, हे दाखवायला त्यांनी चार सीझन घेतले, आणि शिक्षा यंत्रांना दिली. हे मला सहन होत नाही. शेवटच्या दृश्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पुन्हा यंत्रमानव दाखवतात, म्हणजे त्यागाचा उपयोग झाला नाही हे तेच सांगतात.

घनसाळ, बाल्टरचा प्रसंग सुरेख आहे. तो मी कधीच नाकारला नाही, आणि तुम्ही तो ज्या कारणाने सांगितलात ते वाचून मला तो अधिक कळला. पण बाल्टर शेती करील तेव्हा त्याच्या शेजारी एखादी आई आजारी पोर घेऊन बसलेली असेल. तिच्यासाठी एक जहाज, एक दवाखाना ठेवायला कुणाची हरकत होती?

घनसाळ

एक जहाज ठेवायला हवं होतं. एवढं देतो. आमच्या गावातून चांगला दवाखाना गाठायला गडहिंग्लजला जावं लागतं, रात्री गाडी मिळत नाही, हे मला रोज दिसतं. पण ते एक जहाज ज्याच्या ताब्यात राहिलं असतं तो दहा वर्षांत राजा झाला असता. कॉटलच्या हाती असतं तर ठीक. झॅरेकसारख्याच्या हाती पडलं असतं तर?

वाशिष्ठी

मग त्यावर एक भाग करायचा होता. वाद घालायचा, मतं घ्यायची, कुणीतरी चिडून जहाज पळवायचं. त्या मालिकेला हे उत्तम जमत होतं. तो भाग मला बघायला मिळाला नाही, हीच माझी तक्रार आहे.