टँकरची फेरी लिटर मोजत नाही

छोटा पेट्रोल पंपवाला लिटरमागे थोडे जास्त घेतो म्हणजे तो लुटतोच, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. टँकरचा खर्च फेरीवर ठरतो. ड्रायव्हर, टायर, माल उतरवायला लागणारा वेळ, सगळं जवळपास तेवढंच. 20,000 लिटर उतरवले काय नि 5,000 उतरवले काय, फेरीचा खर्च तोच, म्हणून 5,000 घेणाऱ्या छोट्याला लिटरमागे वाहतूक चौपट पडते. बरं, त्याची जमिनीखालची टाकीच लहान, मग एकदम जास्त माल मागवणार कसा?

त्यात उष्णतेचा हिशेब कोणी धरत नाही. पेट्रोल 10 अंशांनी थंड झालं की आकारमान साधारण एक टक्क्याने घटतं. म्हणजे 10,000 लिटरच्या गरम टँकरमागे टाकीत डिप घेताना, म्हणजे मोजपट्टी बुडवून साठा मोजताना, शंभरेक लिटर कमी दिसतात! चोरी नाही, गळती नाही, तरी तूट त्याच्याच माथी.

शिवाय भाव उतरले की मोठ्याचा चढ्या भावाने घेतलेला जुना साठा दोन दिवसांत संपतो, छोट्याचा आठवडाभर पडून राहतो नि तोटा होतो. वाहतूक बिलात वेगळी दाखवा, ही तुमची मागणी मात्र रास्तच. मलाही ती हवी आहे.