राजकुमारी नसलेल्या नायिका

मुलांना दाखवायला राजकुमारी नको, साधी मुलगी नायिका असलेले सिनेमे हवे असतील, तर जपानच्या स्टुडिओ जिबली या ॲनिमेशन स्टुडिओचे सिनेमे नक्की बघा. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'तली (२००१) दहा वर्षांची चिहिरो सुरुवातीला किरकिरी, भित्री. बॉयलरच्या खोलीकडे जाणारा उंच जिना ती बसून, एकेक पायरी करत उतरायला लागते. पुढे हीच मुलगी देव-आत्म्यांच्या सार्वजनिक न्हाणीघरात कामाला लागते आणि चिखलाने माखलेल्या पाहुण्याच्या अंगात रुतलेली सायकल दोर बांधून, सगळ्यांच्या मदतीने ओढून काढते. काम करता करताच धीट होते ती! मला हे फार मोलाचं वाटतं.

अगदी लहान मुलं मात्र यात चिहिरोच्या आईबाबांचं डुक्कर होताना बघून घाबरतील. त्यांना आधी 'माय नेबर टोटोरो' (१९८८) दाखवा. त्यातली सात्सुकी, आई दवाखान्यात असताना, सकाळी सगळ्यांचे डबे भरते. आणि खलनायक तर मुळी नाहीच.