अवकाश थीमची बर्थडे पार्टी, सगळं घरी करायचंय. खाणं आणि सजावट दोन्हीसाठी आयडिया द्या

पानगळ

नमस्कार मंडळी, लेक पुढच्या महिन्यात सात वर्षांची होतेय आणि सध्या ग्रह, रॉकेट, कृष्णविवर याशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही, त्यामुळे थीम तिनेच ठरवून टाकलीय, अवकाश. पंधराएक मुलं, त्यातल्या दोघातिघांची धाकटी भावंडं (३-४ वर्षांची) आणि सोबत आलेले आईबाबा. केक, खाणं, सजावट सगळं घरीच करायचंय. पैसे वाचवायचे म्हणून नाही, लेकीला त्यात हात घालायला मिळावा म्हणून, तिला कापायचंय, चिकटवायचंय, रंगवायचंय, बिस्किटाचं पीठ मळायचंय.

आता अडचणी. नेटवर बघावं तर सगळीकडे काळंनिळं खाणं, काळा केक, निळं सँडविच, जांभळे पॉपकॉर्न. फोटोत भारी दिसतं पण इतका रंग मुलांच्या पोटात घालायला माझं मन घेत नाही. रंग न ओतता थीम कशी दाखवायची? जेली तिला हवीच आहे, पण काही घरांत जिलेटिन चालत नाही त्यामुळे त्याला पर्याय हवा. आणि ग्रह छताला टांगायचेत तर नुसते फुगे टांगू की कागदाच्या लगद्याचे करू? शिवाय आदल्या दिवशी रात्री दोन वाजेपर्यंत जागायचं नाहीये, तर आधी काय काय उरकता येईल तेही सांगा.

---

घरचा_बेकर

तुझं मन बरोबर सांगतंय. माझं तर स्पष्ट मत आहे की थीम भिंतीवर आणि छतावर दाखवायची, ताटात फक्त आकार आणि नावं. मुलं रंग बघून वा म्हणतात आणि चव आवडली नाही की एक घास खाऊन प्लेट ठेवून देतात.

बिस्किटं सगळ्यात सोपी आणि लेकीला पूर्ण करता येतील अशी. साधं लोणी, साखर, मैद्याचं पीठ, लाटून गोल कापायची आणि भाजायच्या आधी पेनाचं टोपण, स्ट्रॉ, बाटलीचं झाकण अशा वेगवेगळ्या मापांच्या गोष्टींनी त्यावर दाबून खळगे पाडायचे, झाली चंद्राची विवरं. पीठ कापल्यावर ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव म्हणजे भाजताना पसरत नाहीत आणि खळगे बुजत नाहीत. चंद्रकोर हवी तर वेगळा साचा लागत नाही, गोल कापायचं आणि तोच साचा थोडा सरकवून परत दाबायचा. घट्ट डब्यात आठवडाभर छान राहतात, तेव्हा हे काम आधीच उरकून टाक.

जेलीला चायना ग्रास वापर, ते समुद्री शेवाळापासून बनतं. पावडर असेल तर अर्ध्या लिटरला ४-५ ग्रॅम, पण नीट उकळायलाच लागतं, नुसत्या गरम पाण्यात ढवळून विरघळत नाही. साधारण ३५-४० अंशांना ते घट्ट होतं आणि परत वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं, त्यामुळे टेबलावर तासभर राहिलं तरी पाणी होत नाही. जिलेटिन मात्र उकाड्यात लगेच ढिलं पडतं. अजून एक फायदा, ताजा अननस, किवी, पपई यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, त्यामुळे जिलेटिनची जेली त्यांच्यासोबत सेटच होत नाही. चायना ग्रास प्रथिन नाही, तिथे हा प्रश्नच येत नाही. फक्त लिंबूबिंबू आंबट घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर घाल, आंबटासोबत उकळलं की त्याची पकड कमी होते. गोल वाट्यांमध्ये लावून उलट्या केल्या की अर्धगोल ग्रह तयार, आत फळाचे तुकडे दिसतात ते फारच सुंदर दिसतं.

निळं काहीतरी हवंच असेल तर गोकर्णाची सुकी फुलं गरम पाण्यात टाक, गडद निळं पाणी मिळतं आणि त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं होतं. फुलातलं रंगद्रव्य आंबटपणाप्रमाणे रंग बदलतं. प्रत्येकाला निळं सरबत आणि लिंबाची फोड वेगळी द्यायची, पिळायचं काम मुलांनाच करू दे. हे सगळ्यात जास्त लक्षात राहतं, लिहून ठेव.

सँडविच चांदणीच्या साच्याने कापायची, पण ब्रेड पाच-दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मग कापलास तर कडा स्वच्छ येतात. कापून झाली की ओलसर (ओल्या नव्हे) कापडाखाली झाकून ठेव नाहीतर तासाभरात कडा वाकतात. उरलेल्या कडा तेल-मीठ लावून भाज, सूपसोबत संपतात. आणि क्रीम, चीज, अंडं घातलेलं काहीही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. म्हणून सगळं एकदम मांडू नकोस, अर्धं फ्रीजमध्ये राहू दे.

---

खगोलवेडा

ग्रह टांगणार आहात हे वाचूनच छान वाटलं. एक आग्रहाची विनंती, सगळे ग्रह एकाच मापाचे करू नका प्लीज. बाजारातल्या चित्रांमध्ये गुरू आणि पृथ्वी जवळजवळ सारखे असतात आणि मुलांच्या डोक्यात तेच बसतं. घरी करताय तर खरं प्रमाण दाखवायची हीच संधी.

पृथ्वी २ सेंमी धरा. मग शुक्र जवळपास तेवढाच, मंगळ १ सेंमी, बुध त्याहून लहान म्हणजे ८ मिलीमीटर, एक मणी चालेल. युरेनस आणि नेपच्यून दोन्ही ८ सेंमी, शनी १९ सेंमी आणि गुरू २२ सेंमी. म्हणजे लगद्याचे मोठे गोळे तुम्हाला दोनच करायचेत, गुरू आणि शनी, मधले दोन छोट्या फुग्यांवर होतील आणि बाकीचे चार मातकामाच्या क्लेचे नाहीतर मण्यांचे. काम पण वाचलं. सूर्य याच मापात २ मीटर १८ सेंमीचा येतो, तो अख्खा कशाला करताय, भिंतीच्या कोपऱ्यात पिवळ्या-केशरी क्रेप पेपरची नुसती कमान लावा, बाकीचा भिंतीपलीकडे आहे असं सांगा. मुलं त्या कमानीशेजारी तो ८ मिलीमीटरचा बुध बघतील ना तेव्हा त्यांचे चेहरे बघा.

अंतरं मात्र खऱ्या मापात जमणार नाहीत, पृथ्वी सूर्यापासून २३५ मीटर लांब टांगावी लागेल. नेपच्यून तर ७ किलोमीटरवर.

रंगांचं म्हणाल तर मंगळ गंजाच्या रंगाचा, कारण तिथल्या धुळीत लोहाचे ऑक्साइड आहेत. शुक्र फिकट पिवळसर पांढरा. आणि नेपच्यून गडद निळा रंगवू नका. व्हॉयेजर २ या अवकाशयानाने १९८९ मध्ये काढलेले फोटो तपशील दिसावेत म्हणून जास्त उठावदार केले होते, तोच गडद निळा सगळीकडे पसरला. २०२४ च्या अभ्यासात खरे रंग परत काढले तर युरेनस आणि नेपच्यून दोघेही फिकट हिरवट निळे निघाले, नेपच्यून किंचित जास्त निळा एवढंच. एकच रंग कालवा आणि नेपच्यूनसाठी त्यात निळा थेंबभर वाढवा.

प्लूटोबद्दल कोणीतरी विचारणारच. २००६ पासून तो बटुग्रह धरला जातो, पण मुलांना तो फार आवडतो, तेव्हा ४ मिलीमीटरचा एक मणी दाराजवळ लावा आणि बाजूला चिठ्ठी.

---

दोन_पिल्लांची_आई

वरचं सगळं मस्त आहे, मी फक्त ३-४ वर्षांच्या पाहुण्यांसाठी लिहितेय कारण अशा वेळी मोठ्यांच्या गडबडीत त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

अख्खी द्राक्षं त्यांच्या हाताला लागू द्यायची नाहीत, उभी चार भागांत कापायची. पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या चार वर्षांखालच्यांना नाहीच. ते मण्यांचे बुध-प्लूटो पण त्यांच्या हाताला येणार नाहीत इतके वर लावा, तोंडात घालायला एक सेकंद लागतो. फुगे लावलेत तर फुटलेला प्रत्येक तुकडा लगेच उचलायचा, रबराचा तुकडा घशात चिकटला की काढणं फार अवघड असतं.

क्राफ्टची चमकी केकवर अजिबात नको. डबीवर बिनविषारी लिहिलेलं असलं तरी ती खाण्याची वस्तू नाही, खाण्याची चमकी वेगळी येते आणि तिच्यावर घटक पदार्थ छापलेले असतात. सरबतात चमकणाऱ्या ग्लोस्टिक्स बुडवलेल्या फोटोंमध्ये दिसतात तेही करू नका, चावली की आतलं रसायन बाहेर येतं. धूर दिसावा म्हणून कोणी ड्राय आइस सुचवेल, तो उणे ७८ अंशांचा असतो, हाताला लागला तरी जखम होते, मुलांच्या पार्टीत मला तो नकोच वाटतो.

निमंत्रणातच अ‍ॅलर्जी विचारून टाका, शेंगदाणे, बदाम-काजू, दूध, अंडं, तीळ, गहू. आयत्या वेळी कळलं तर त्या मुलासमोर ठेवायला काही नसतं आणि ते बिचारं नुसतं बघत बसतं, ते मला बघवत नाही.

---

रंगरेषा

लगदाच करा, फुगे टांगलेत तर सकाळपर्यंत सुरकुततात. खरं तर लगदाही नको, वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून (कापून नाही, फाडलेली कड सपाट बसते) मैद्याच्या खळीत बुडवून फुगवलेल्या फुग्यावर चिकटवायच्या. खळीत चमचाभर मीठ घाला म्हणजे बुरशी धरत नाही. एका वेळी दोनच थर, ते पूर्ण वाळले की पुढचे दोन. शेवटचा थर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा द्या म्हणजे रंगाखालून अक्षरं दिसत नाहीत. पूर्ण वाळल्यावर फुगा फोडून काढून घ्यायचा. सात वर्षांचं मूल हे सगळं आरामात करतं आणि हात बरबटतात त्यातच त्यांची अर्धी मजा असते, फक्त वाळवायला घाई करू द्यायची नाही.

भिंतीला काळा कागद लावून त्यावर जुन्या टूथब्रशने पांढरा रंग उडवा, अंगठ्याने दाते मागे ओढायचे की बारीक ठिपके उडतात, रंग जितका पातळ तितके थेंब मोठे. आधी जमिनीवर करून वाळवून मग लावा.

---

पानगळ

अरे वा, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! २ सेंमीची पृथ्वी लेकीला वाचून दाखवली तर आत्ताच पट्टी घेऊन बसलीय. गुरू-शनी या शनिवारी सुरू करतो. दोन प्रश्न राहिलेत. शनीची कडी कशी बसवायची की ती वाकणार नाहीत? आणि केक काळा हवा असा तिचा हट्ट आहे, त्याचं काय करू?

---

खगोलवेडा

कडी जाड पुठ्ठ्याची घ्या, कुरियरच्या खोक्याचा चालतो. १९ च्या शनीला कड्यांचा बाहेरचा व्यास ४३ सेंमी येतो, खऱ्या शनीचं तेच प्रमाण आहे. आतलं भोक शनीपेक्षा थोडं लहान कापून आतल्या काठाला सगळीकडे छोटे काप द्यायचे आणि गोळा दाबून मध्यापर्यंत आणायचा, काप वाकून त्याला धरतात, मग खालून चिकटवा. वाकण्याची भीती असेल तर दोन पुठ्ठे आतल्या नळ्या आडव्या-उभ्या ठेवून एकमेकांना चिकटवा. टांगताना थोडी तिरकी, शनीचा अक्ष साधारण २७ अंश कललेला आहे.

---

घरचा_बेकर

केकबद्दल, हट्ट पुरव पण पांढऱ्या क्रीमला काळं करायला जाऊ नकोस, त्याला बाटलीभर रंग लागतो, क्रीम कडवट होतं आणि सगळ्यांच्या जिभा-दात काळे. कोको पावडर भरपूर घालून गडद चॉकलेटी बटरक्रीम कर, त्यात काळा जेल रंग अगदी थोडा आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळपर्यंत रंग आपोआप दोन पायऱ्या गडद होतो. वापरायच्या आधी बाहेर काढून मऊ होऊ दे आणि परत फेट. पातळ पाण्यासारखा रंग घेऊ नकोस, क्रीम फाटतं. वर चांदण्यांसाठी पांढरं चॉकलेट वितळवून बटर पेपरवर ठिपके काढून ठेव, भांडं आणि चमचा कोरडे ठणठणीत हवेत, पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेटचा दगड होतो. केकचे थर आठवडाभर आधी भाजून प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरला टाक. क्रीम आदल्या दिवशी दुपारी, थापायचं संध्याकाळी, आठच्या आत मोकळा होशील.

---

दोन_पिल्लांची_आई

केकवरची मेणबत्ती लावायच्या वेळी ती क्रेप पेपरची सूर्याची कमान आणि टांगलेले दोरे हाताभर तरी लांब असतील अशी टेबलाची जागा आजच ठरवून टाका, नंतर सगळं लावून झाल्यावर टेबल हलवायचं जिवावर येतं.